डाव्या चपलेचा चोर

४ मार्च

प्रिय बारके,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी सध्या प्रसिद्ध होण्याच्या गडबडीत आहे. हसू नकोस. आपल्या रस्त्याच्या टोकाच्या वाचनालयाने ठरवलंय की मी इतकी वर्षं गावातल्या वादकांचं जे चित्रण करून ठेवलंय, ते मे महिन्यात मोठ्या पडद्यावर दाखवायचं. ग्रंथपालबाई स्वतः घरी आल्या होत्या. "हा गावाचा ठेवा आहे हो," म्हणाल्या. मी "छे छे" म्हटलं, पण जरा हळूच म्हटलं, म्हणजे त्यांनी लगेच ऐकू नये.

मला भाषणही करायचंय. मधुमेहाच्या संशोधनातला माणूस कॅमेऱ्याकडे कसा वळला, हे लोकांना ऐकायचंय म्हणे. तू संशोधन केंद्रात माझ्याबरोबर होतीस, म्हणून विचारतो, मला आठवतंय ते बरोबर आहे ना ते कळव.

मला आठवतं ते असं. मधुमेहात पायांची जाणीव कमी होत जाते. ती तपासायला मी नादकाटा ठोकून, थरथरत असतानाच लोकांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवायचो. "डोळे मिटा. थांबलं की सांगा." कित्येक वर्षं मी दिवसभर एवढं एकच वाक्य बोललो. तुझी वहिनी म्हणायची, झोपेतही तेच बोलतोस. आमचं तपासणी शिबिर कामगारांच्या सभागृहात, आणि पलीकडच्या खोलीत बँडची तालीम. त्यांचा सूर लावायचा काटा हरवला होता. अकॉर्डियनवाला दारातून डोकावला आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमच्याकडचा सूर जरा देता का?" हाच आपला भाता, अकॉर्डियनच्या भात्यावरून नाव पडलेला. मी काटा दिला. तो पायांसाठीचा, गाण्याच्या हिशेबाने किंचित उतरलेला, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. भात्याचं कुलपांचं दुकान. घरी जाऊन त्याने कानशीने अख्खं अकॉर्डियन त्या काट्याला जुळवलं, आणि मग सगळा बँड अकॉर्डियनला जुळला. तेव्हापासून आपलं गाव जगापेक्षा थोडं खाली वाजतं. बाहेरचा गायक आला आणि त्याने विचारलं, पट्टी कोणती, की भाता छाती काढून सांगतो, "पांढरी एक. मधुमेहाची."

आता खरी अडचण. कोणीतरी माझ्या चपला चोरतंय. फक्त डाव्या. भात्याच्या जिन्यात चपला काढून मी वर जातो, परत येतो तेव्हा एकच. असं तीनदा झालं. संशय भात्यावरच जातो आणि तेच मला छळतंय. तुझी वहिनी गेल्यापासून या गावात मला "अरे" म्हणणारा तो एकटा उरलाय. त्याला चोर म्हणावं तर तो जातो, न म्हणावं तर चपला जातात.

तुझा दादा

१३ मार्च

दादा, तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार.

तुझं भाषण वाचलं. छान आहे, फक्त त्यात मी नाही आणि उंदीर नाहीत. उंदीर नसले तर एकवेळ चालेल, पण उंदीर सांभाळणारी मी होते.

तू सोयीस्कर विसरलायस ते मी सांगते. केंद्र त्या सभागृहाच्या भिंतीला लागूनच, त्यामुळे बँडची तालीम सुरू झाली की माझे साखरपाणी पिणारे सगळे उंदीर पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात जाऊन थरथरायचे. मोठ्या साहेबांनी ते पाहिलं. तेच साहेब, जे लोकांना गोड खाऊ नका सांगायचे आणि कोटाच्या खिशात साखरेच्या वड्या ठेवायचे. त्यांना वाटलं आता आपलं नाव जगात होणार. संगीताचा साखरेवर परिणाम! त्यांनी केंद्राचा कॅमेरा तुझ्या हातात दिला आणि सांगितलं, कोणत्या वाद्याला उंदीर घाबरतात ते शोधून काढा. तू आधी सगळ्यांच्या तोंडांचं चित्रण केलंस. काही कळेना. मग मीच म्हटलं, उंदरांना सूर कुठला कळतोय, त्यांना जमीन हादरलेली कळते. हे लोक पाय आपटतात. साहेब टेबलावर मूठ मारून ओरडले, "कॅमेरा खाली करा!" आणि तू खाली केलास. निष्कर्ष निघाला की उंदीर संगीताला नव्हे, भात्याच्या बुटांना घाबरतात. साहेबांनी तीन दिवस कोणाशी बोलणं टाकलं. पुढे केंद्र बंद पडलं, कॅमेरा तुझ्याकडेच राहिला. ही खरी गोष्ट. भाषणात घाल, लोक हसतील तरी.

भात्याबद्दल म्हणशील तर तुझं डोकं फिरलंय. तो एकच चप्पल कशाला नेईल? त्याला काय एकच पाय आहे? विचार करायचाच असेल तर शेजारच्या कुत्र्याचा कर. आणि असले संशय मनात ठेवून कुढत बसू नकोस, सरळ तोंडावर विचार आणि मोकळा हो.

चित्रण मला पाठव. इतकी वर्षं नुसतं ऐकतेय. इथे लेकीच्या घरी मोठा पडदा आहे आणि मला दिवसभर काही काम नाही. नातवंडं माझ्याशी बोलायला लागली की जावई त्यांना अभ्यासाला बसवतो.

बारकी

२७ मार्च

प्रिय बारके,

उंदरांचा भाग मी वगळणार आहे. लोकांना ठेवा बघायचाय, पिंजरा नाही.

चित्रण पेनड्राइव्हवर घालून सोबत पाठवतोय. मी स्वतः अजून पाहिलेलं नाही. नुसतं साठवत गेलो. तू पहिली.

तुझा सल्ला ऐकला आणि सरळ विचारलं. ऐकायला नको होता. झालं ते असं.

"भात्या, एक विचारू?"

"विचार की."

"माझ्या डाव्या चपलेचं काय करतोस?"

त्याने अकॉर्डियन खाली ठेवलं. "हे तू मला विचारतोस?"

"मग कोणाला विचारू?"

"बरं झालं, तूच विषय काढलास. आता सांगूनच टाक. तुझं म्हणणं काय आहे?"

"माझं म्हणणं चपलेबद्दल आहे."

"माझंही चपलेबद्दलच आहे! इतकी वर्षं तोंडावर गोड बोललास, आणि म्हातारपणी हे?"

त्याचा चेहरा असा झाला की चोरी त्याने नाही, मीच केलीय. त्याने अकॉर्डियनचा पट्टा लावला, खिडकीकडे तोंड केलं आणि सांगितलं की मे महिन्यात तो वाजवणार नाही, येणारही नाही, आणि मीही आता त्याच्याकडे येऊ नये. बारके, तो नाही तर बँड नाही. आणि बँड नाही तर त्या पडद्यासमोर मी एकटा उभा राहून काय करू?

एक गोष्ट तुला मागच्या वेळी सांगितली नव्हती, तू हसशील म्हणून. चपला जिन्यात काढून ठेवलेल्या जात नाहीत. त्या पायातून जातात. चालता चालता! मी घरी पोचतो, खाली बघतो, तर डाव्या पायात काही नाही. काय हाताची सफाई असेल बघ त्या चोराची. मला धक्का नाही, चाहूल नाही. असं नाजूक काम कुलूपवाल्याशिवाय कोणाला जमणार, सांग. त्या दिवशी मी मुद्दाम डाव्या चपलेला सायकलची छोटी घंटी बांधून गेलो होतो. म्हटलं, चोराने हात घातला की वाजेल. भांडण करून जिना उतरताना छान वाजत होती, मग थांबली. मी म्हटलं, घाबरला, पळाला. घरी येऊन बघतो तर घंटीसकट चप्पल गायब.

बाकी ठीक. घरमालकाने फरशीखाली काहीतरी घातलंय वाटतं, हल्ली घरात गादीवर चालल्यासारखं मऊ लागतं. भाडं वाढवणार बहुतेक.

दादा

१ एप्रिल

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला आठवतो का माहीत नाही, मी अकॉर्डियनवाला, ज्याच्या बुटांना तुमचे उंदीर घाबरायचे. तुमचा पत्ता वाचनालयातून घेतला. तारीख बघून चेष्टा समजू नका, मी आज सकाळपासून हेच पत्र लिहितोय.

तुमच्या दादांना समजवा. ते मोठे संशोधक असतील, मी कुलपं दुरुस्त करणारा माणूस. पण माझं वाजवणं आवडत नसेल तर त्यांनी तसं सांगावं. हल्ली ते माझं चित्रण करून गेले की जिन्यावर एक चप्पल ठेवून जातात. माझ्यासाठी. डावीच. पहिल्यांदा वाटलं विसरले. दुसऱ्यांदा वाटलं काहीतरी गंमत असेल. तिसऱ्यांदा मी बसून विचार केला की तिन्ही वेळा मी काय वाजवलं होतं, आणि ताई, तिन्ही वेळा तेच एक गाणं होतं. चुकत असेन मी. बोटं पूर्वीसारखी वळत नाहीत, आणि महिन्यापासून अकॉर्डियनमधला एक बारीक स्क्रू कुठेतरी पडलाय, त्यामुळे एक की खडखडते. पण म्हणून चप्पल? तीही एकेक करून, हप्त्याहप्त्याने?

मागच्या आठवड्यात त्यांनी वर येऊन मलाच विचारलं की चपलेचं काय करतोस. म्हणजे मला अर्थ कळला की नाही, याची परीक्षा! आणि जाताना पुन्हा एक ठेवून गेले. या वेळी घंटी बांधून. म्हणजे मला झोप असली तर उडावी म्हणून असेल.

चारही चपला मी फळीवर नीट पुसून ठेवल्यात. टाकवत नाहीत. त्यांनीच दिलेल्या नादकाट्याशेजारी ठेवल्यात, हे त्यांना सांगितलंत तरी चालेल. नाही सांगितलंत तर बरं.

आपला,
भाता

८ एप्रिल

दादा, तुझ्या उजव्या पायाला नमस्कार. डाव्याशी मला वेगळं बोलायचंय.

पेनड्राइव्ह मिळाला. लेक, जावई, नातवंडं, सगळ्यांना घेऊन बसले. म्हटलं, या, तुमच्या मामाआजोबांचं काम बघा. पहिल्यांदा बूट दिसले. मग चपला. मग मोजे. अर्ध्या तासाने जावई म्हणाला, "माणसं कधी येणार?" दादा, साहेबांनी "कॅमेरा खाली करा" म्हटलं होतं, ते केंद्र बंद पडायच्या आधीचं. त्यानंतर "वर करा" असं तुला कोणी सांगितलंच नाही का? इतकी वर्षं तू गावभर वादकांच्या पायांचं चित्रण करत हिंडलास आणि तुला एकदाही वाटलं नाही की वर तोंड असतं?

ते सगळे उठून गेले. मी एकटी बसले, कारण मला दुसरा उद्योग नाही. आणि म्हणूनच मला शेवटचं दिसलं.

भात्याची खोली. गाणं संपतं, भात्याचे बूट थांबतात. तू निघतोस आणि कॅमेरा जमिनीवर तसाच चालू विसरतोस, नंतर कधीतरी नेला असशील. दार उघडं, समोर जिना. तुझे पाय जिन्याकडे जातात. वरच्या पायरीवर तुझी डावी चप्पल टाचेतून सुटते, मग बोटांतून, आणि तिथेच राहते. तुझा पाय पुढे जातो. अनवाणी. तू थांबत नाहीस, बघत नाहीस. त्या पायाला कळतच नाही की आपण उघडे आहोत. मग कितीतरी वेळ नुसती पायरी आणि चप्पल. मग भात्याचे बूट येतात. चपलेपाशी थांबतात. एक पाऊल मागे, पुन्हा पुढे. मग त्याचा हात खाली येतो आणि तो ती चप्पल दोन्ही हातांनी उचलतो. दादा, चोर असं उचलत नाही. त्याचं मला पत्र आलंय. त्याला वाटतंय तू त्याच्या वाजवण्यावर चपला सोडून जातोस.

आता नीट ऐक. हे प्रश्न कोणाचे आहेत ते ओळख. पायांना मुंग्या येतात का? जमीन गादीसारखी मऊ लागते का? चप्पल पायातून निसटलेली कळते का? तूच विचारायचास ना रे हे! रांगेतल्या प्रत्येक माणसाला, मान वर न करता! आणि ज्याचं तिसऱ्या प्रश्नाला उत्तर "नाही" यायचं, त्याला तू त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचास.

तुझ्या फरशीखाली काहीही घातलेलं नाही. चोराचा पत्ता तुझा डावा पाय. आरसा घे, तळवा बघ. रक्त तपासून घे. आणि भात्याला बोलाव आणि काटा लाव म्हणावं. एकट्याने करू नकोस, तू स्वतःला फसवशील. मला भीती वाटतेय.

बारकी

१२ एप्रिल

सौ. बारकीस,

तुझं पत्र मिळालं. मधुमेह हा माझा विषय होता, आजार नव्हे. एखाद्या माणसाने आयुष्यभर चोरांवर अभ्यास केला म्हणून तो चोर होत नाही.

पाय मी तपासतो. माझे कोणी तपासत नाही, अशी पद्धत आहे. शिवाय भात्याने मला येऊ नको म्हटलंय, तेव्हा त्याला बोलवायचा प्रश्नच येत नाही.

मी आता बूट घालतो. बूट निसटत नाहीत. प्रश्न मिटला.

दादा

१९ एप्रिल

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं आणि मी दुकान उघडं टाकून निघालो. इथली धावपळ आज कुठे थांबली, म्हणून आता लिहितोय.

तुमच्या दादांनी दार उघडलं नाही. आतून म्हणाले, "मी घरी नाही." ते कुलूप मीच बसवलेलं, त्यामुळे तो मुद्दा लवकर संपला. आत गेलो तर ते भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी पिशवी पालथी केली. चारही चपला जमिनीवर पडल्या. घंटी वाजली तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. पहिल्यांदा चपलांकडे, मग माझ्याकडे.

"तू यांना पुसून ठेवलंस?" म्हणाले.

"मग काय घालू?" मी म्हटलं. "सगळ्या डाव्या आहेत."

ते हसले. मीही हसलो. मग मी खिशातून काटा काढला, तर म्हणाले, "ते मला शिकवू नकोस." मी म्हटलं, "डोळे मीट. थांबलं की सांग." हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझा आवाजही त्यांच्यासारखाच निघाला. उजव्या अंगठ्याला त्यांनी बरोबर सांगितलं. मग डाव्याला लावला. तर म्हणाले, "अरे, आधी वाजव तरी."

ताई, काटा वाजत होता. माझी बोटं झिणझिणत होती. मी पुन्हा ठोकला, जोरात. "वाजवतोस की नुसता धरून बसलायस?" म्हणाले. मी काटा तसाच टेकवून धरला. तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि काट्याची थरथर बघितली. किती तरी वेळ बघत होते. मग म्हणाले, "नोंद कर, डावा, काही नाही." नोंद करायला तिथे कोणी नव्हतं.

मी पाय उलटा करून बघितला. करंगळीच्या मुळाशी जखम होती, चांगलीच चिघळलेली, आणि आत काहीतरी चमकत होतं. तो माझा स्क्रू होता. महिनाभर मी जो फरशीवर रांगून शोधत होतो, तो हा माणूस पायात घालून गावभर हिंडत होता. त्यांना दुखलंच नाही.

दवाखान्यात नेलं. नर्सबाई म्हणाल्या, "पट्टी लावून बघू." मी सवयीने म्हणालो, "पांढरी एक." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दादांच्या बोटाला सुई टोचली. रक्ताच्या त्या पट्टीवर जो आकडा आला, ताई, तेवढं वर आपल्या गावात आजवर काही गेलेलं नाही. परवा करंगळी काढावी लागली. पाय राहिला. तिथले सर्जन म्हणाले, आणखी काही दिवस गेले असते तर घोट्यापासून काढावा लागला असता. मी बाहेर बाकावर बसून रडलो, हे दादांना कळवू नका.

स्क्रू उकळून परत बसवला. की आता खडखडत नाही.

भाता

२८ मे

प्रिय बारके,

कार्यक्रम झाला. तुला सगळं सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

सगळे वादक इस्त्रीचे कपडे घालून, घरच्यांना घेऊन आले होते. पुढच्या रांगेत बसून आपापले चेहरे बघायची वाट बघत होते. पडद्यावर बूट आले. मग आणखी बूट. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, कॅमेरा वर करा!" मी म्हटलं, "हे जुनं आहे, आता कसा वर करू?" क्लॅरिनेटवाल्याच्या बायकोने विचारलं, "यासाठी ह्यांनी दर वेळी दाढी केली होती का?" ग्रंथपालबाई माझ्याकडे बघेचनात. मला वाटलं काठी घ्यावी आणि मागच्या दाराने निघून जावं, पण काठीने पटकन निघता येत नाही.

तेवढ्यात ड्रमवाल्याची बायको उठली. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. पडद्यावर एक पाय ठेका धरत होता, मोज्याच्या अंगठ्यावर हिरव्या दोऱ्याची शिवण. "थांबवा," ती म्हणाली. "ही शिवण माझी. त्या दिवशी घरात काळा दोरा नव्हता." ती पडद्याजवळ गेली आणि त्या पायासमोर उभी राहिली. फोटो आहेत गं तिच्याकडे, चेहऱ्याचे पुष्कळ. पण ठेका धरणारा पाय तिच्याकडे नव्हता. मग हळूहळू सगळे ओळखायला लागले. हा तुझा, हा माझा, हे बाबांचे, बघ कसे आत वळलेत! मुलं आजोबांचे पाय स्वतःच्या पायांशी लावून बघत होती.

शेवटचं चित्रण, तो जिना, मला दाखवायचा नव्हता. भाता म्हणाला, "दाखव, नाहीतर मी वाजवणार नाही." दाखवलं. आधी लोक हसले. मग मी उभा राहून सांगितलं की तो पाय कोणाचा, आणि त्याला काय झालं होतं. आणि माझा जुना तिसरा प्रश्न विचारला. बारके, खूप जणांनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. ट्रम्पेटवाल्याने हात वर केला, अर्धाच. भात्याने खिशातून काटा काढला. बँड राहिला बाजूला, आमचं शिबिर सुरू झालं. मी खुर्चीवर बसून वाक्य म्हणत होतो आणि भाता गुडघ्यांवर रांगत काटा लावत होता. शेवटी वाजवलंही, अर्थात आपल्या पट्टीत. उंदरांचा भागही सांगितला. तोच सगळ्यात आवडला.

माझं आता असं आहे. साखर उतरलीय. मी औषधं घेतो, निमूटपणे. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी भाता माझी जखम बांधायला येतो. जुनी पट्टी सोडतो, नवी हातात घेतो आणि गंभीरपणे विचारतो, "पट्टी कोणती?" मी म्हणतो, "पांढरी." तो म्हणतो, "किती?" मी म्हणतो, "एक." रोज तेच. रोज हसतो आम्ही. आम्हाला लाज नाही.

मग तो काटा लावतो. अंगठ्याला काही नाही, ते आता यायचं नाही, मला माहीत आहे. पण काल त्याने घोट्याच्या हाडावर टेकवला आणि मला कळलं. खरंच कळलं, बारके, बारीकसं. मग थांबलं. मी सांगितलं नाही. भाता खाली वाकून बसला होता, एक हात माझ्या पावलाखाली, डोळे त्याने स्वतःचेच मिटून घेतले होते. मी "थांबलं" म्हटलं असतं तर त्याने हात काढून घेतला असता.

तुझा दादा

५ जून

दादा, तुझ्या नऊ बोटांना नमस्कार.

तपासणीत खोटं बोलायचं नाही, हा नियम तुझाच होता. माझ्या उंदरांनीसुद्धा कधी मोडला नाही.

थांबलं की सांगायचं. आणि मग म्हणायचं, "अरे, पुन्हा वाजव."

बारकी